थ्री-इन-वन टिप टूल, आठ महिने वापरून: वाटी उत्तम, खिळे नकोत

पूल-स्नूकरच्या क्यूच्या, म्हणजे काठीच्या, टोकावर कातड्याची छोटी टिप असते, ती नीट ठेवायचं हे टूल. गेल्या नोव्हेंबरात मागवलं, आता आठ महिने माझ्या क्यूच्या केसमध्ये आहे आणि एवढं वापरलंय की आता लिहायला हरकत नाही. ३८० रुपयांना पडलं. बॉक्सवर कंपनीचं नाव नाही, आत माहितीचा कागद नाही, नुसतं अंगठ्याएवढं काळं अ‍ॅल्युमिनियमचं नळकांडं. एका टोकाला खोलगट वाटी, तिच्यात पॉलिश पेपरसारखा खरखरीत थर, हा शेपर. दुसऱ्या टोकाला कानशीवर असतात तसे बारीक टोकदार दात, त्याला स्कफर म्हणतात पण आमच्याकडे सगळे खिळेच म्हणतात. आणि मध्ये पोटाला एक अर्धगोल खाच, आतून कातडं लावलेली, ती टिपची कड घोटायला. निकाल आधीच सांगून टाकते, वाटीसाठी जरूर घ्या, खाच ठीकठाक आहे, आणि खिळ्यांच्या बाजूला शक्यतो जाऊ नका, लेयरवाली टिप असेल तर अजिबातच नको. का ते खाली लिहिलंय, मोठं झालंय, पण पैसे घालवायच्या आधी वाचा.

मी ठाण्यात नौपाड्यात एका बेसमेंटमधल्या पार्लरला खेळते, तीन पूल टेबलं आणि एक स्नूकर, ऑफिस सुटलं की आठवड्यातून तीन-चार दिवस. लूझर पे असतं, म्हणजे हरेल त्याने टेबलचे पैसे द्यायचे, त्यामुळे शेवटच्या बॉलला सगळेच गप्प होऊन बघतात. नोव्हेंबरात एक दिवस माझा एट बॉल, म्हणजे शेवटी घालायचा काळा बॉल, मधल्या पॉकेटच्या अगदी तोंडाशी होता, व्हाइट, म्हणजे क्यूने मारायचा पांढरा बॉल, दोन हातांवर, फक्त खालून थोडा स्क्रू मारून व्हाइट मागे घ्यायची होती म्हणजे ती आत जाणार नाही. शंभर वेळा मारलेला शॉट. टक आवाज यायच्या ऐवजी च्यॅक असा आवाज आला, व्हाइट वाकडीतिकडी उडी मारत भलतीकडेच गेली आणि फाउल. त्याच संध्याकाळी तसं तीनदा झालं. मला वाटलं माझा हात हलतोय, स्टान्स बिघडलाय, घरी आरशासमोर उभी राहून ब्रिज, म्हणजे क्यू टेकवायच्या हाताची ठेवण, बघत बसले.

आमच्या पार्लरचे मार्कर, म्हणजे टेबलं सांभाळणारे आणि गुण मांडणारे, काका आहेत, साठीच्या पुढचे, आधी मुंबईत एका जिमखान्यात बिलियर्ड्स टेबलवर पंचवीस वर्षं मार्कर होते. काउंटरच्या मागे त्यांनी विल्सन जोन्सचा फोटो लावलाय, पुण्यात जन्मलेला माणूस, १९५८ मध्ये वर्ल्ड अमॅच्युअर बिलियर्ड्स जिंकला आणि १९६४ मध्ये परत जिंकला, काका त्याच्याबद्दल बोलायला लागले की टेबलचं मीटर थांबवायचं विसरतात. तर दुसऱ्या दिवशी काकांनी माझा क्यू हातात घेतला, टिप ट्यूबलाइटखाली धरली आणि हळूहळू फिरवली. म्हणाले, "ताई, हाताला नावं नका ठेवू, हे बघा." टिपचा मधला भाग बाटलीच्या काचेसारखा चमकत होता, वरून चपटी झालेली, आणि कड फेरूलच्या, म्हणजे टिप जिच्यावर बसते त्या टोकाच्या टोपीच्या, बाहेर फुगून अळंबीच्या छत्रीसारखी आलेली. मी दीड वर्ष त्या क्यूने खेळत होते, चॉक लावत होते आणि टिपकडे एकदाही बघितलं नव्हतं. क्यूला साडेसहा हजार घातले, केसला बाराशे घातले, आणि ज्या गोष्टीचा बॉलला खरा स्पर्श होतो तिच्यासाठी पंधरा मिनिटं नाही दिली, हे मला फार लागलं.

त्या रात्री टूल मागवलं.

आता वाटीबद्दल, कारण खरा पैसा वसूल तिथेच आहे. माझ्या टूलवर वाटीच्या बाहेर ०.४१८ असा आकडा कोरलाय. तो इंचात आहे, म्हणजे वाटीच्या गोलाईची त्रिज्या, मिलिमीटरमध्ये साधारण १०.६. अमेरिकेत याला निकेल शेप म्हणतात, त्यांच्या पाच सेंटच्या नाण्याची गोलाई. दुसरा डाइम शेप, त्यांच्या दहा सेंटच्या नाण्याचा, तो ०.३५३ च्या आसपास, म्हणजे जास्त टोकदार घुमट. आपल्याकडे निकेल कुठून आणणार, पण २०११ च्या सिरीजचं आपलं एक रुपयाचं नाणं २२ मिमीचं आहे, म्हणजे त्रिज्या ११, निकेलच्या अगदी जवळ. मी केसमध्ये एक रुपया कायम ठेवते. नाणं टिपच्या मागे सपाट धरायचं, टिपचा माथा नाण्याच्या कडेशी जुळवायचा आणि दोन्ही मिळून उजेडाकडे धरायचं. दोन्हींची गोलाई एकावर एक बसली तर शेप बरोबर. दोन्ही बाजूंना टिपच्या मागून नाणं डोकावलं तर टिप नाण्यापेक्षा जास्त टोकदार आहे, आणि टिपचे कोपरे नाण्याच्या बाहेर आले तर चपटी झालीय. डाइम शेप हवा असेल तर त्याच सिरीजची पन्नास पैशांची नाणी १९ मिमीची आहेत, अगदी तेवढी नाही पण अंदाजाला चालतात, मला आजीच्या डब्यात दोन सापडली.

हा शेप एवढा का महत्त्वाचा ते मला आधी कळत नव्हतं, नुसतं गोल पाहिजे म्हणून गोल असं वाटायचं. मग कागदावर आकृती काढून बघितलं. पूलचा बॉल ५७.१५ मिमीचा असतो. बॉलच्या मध्यापासून बाजूला, वर किंवा खाली किती लांब मारता येतं त्याला मर्यादा आहे, ढोबळमानाने त्रिज्येच्या अर्ध्यापर्यंत, म्हणजे १४ मिमी, त्याच्या पुढे गेलात की टिप घसरणारच, कितीही चॉक लावा. आता १४ मिमीवर मारताना टिपचा मधला बिंदू बॉलला लागतच नाही, टिपची बाजू लागते. शेप १०.६ चा असेल तर तो स्पर्श टिपच्या मध्यापासून साधारण ५.३ मिमीवर होतो. पूलची टिप पावणेतेरा मिमीची धरली तर मध्यापासून कडेपर्यंत ६.४ मिमी, म्हणजे स्पर्श अजून कातड्यावरच आहे, कडेच्या जरा आत. पण टिप चपटी होऊन गोलाई २० मिमी त्रिज्येची झाली की हाच हिशोब १० मिमीवर जातो, आणि तिथे टिपच नाहीये! मग बॉलला लागते ती टिपची धारदार कड, आणि तो च्यॅक आवाज येतो. माझा स्क्रू शॉट तसाच गेला होता. हे समजल्यापासून मी मिसक्यू झाला, म्हणजे टिप अशी घसरली, की आधी टिप बघते, मग हात.

वाटी वापरायची पद्धत सोपी आहे पण ऑनलाइन लिस्टिंगमधला फोटो चुकीचा आहे. त्यात मुलगा टूल क्यूवर ठेवून पेन्सिलला टोक काढतो तसं गरागरा फिरवतोय. तसं केलं की एकाच जागी खड्डा पडतो, आणि कातडं इतकं झरझर जातं की महिन्याभरात टिप संपेल. काकांनी शिकवलं ते असं, क्यूचा बुंधा पायाच्या पंजावर टेकवून क्यू उभा धरायचा, टूल वरून टिपवर हलकं ठेवायचं, आणि टूल न फिरवता क्यू थोडा थोडा फिरवत टूल पुढे-मागे झुलवायचं, आठ-दहा वेळा, मग फुंकर मारून नाण्याने बघायचं, लागलं तर परत आठ-दहा. पहिल्यांदा चपट्या टिपला दहा मिनिटं लागतील, नंतर दर दहा-पंधरा तासांच्या खेळानंतर अर्धा मिनिट पुरतो. आणि हे टेबलपासून लांब करा, निळी भुकटी कापडावर पडली की काकांचं तोंड बघवत नाही.

टूलची एक उणीव इथेच सांगते. वाटीतला खरखरीत थर धातूवर घडवलेला नाही, चिकटवलेला पॉलिश पेपर आहे, आणि तो चार महिन्यांत बोथट झाला. मी माझ्या क्यूशिवाय पार्लरचे १४ हाउस क्यू पण त्याच्यावर घासले, त्यामुळे एकट्या माणसाला वर्षभर जाईल. बोथट झाला तेव्हा मी टूल फेकून देणार होते, पण मग ब्लेडने तो थर खरवडून काढला, १२० नंबरचा पॉलिश पेपर गोल कापला, त्याला कडेपासून मध्याच्या जवळपर्यंत चार चिरा दिल्या म्हणजे तो वाटीत नीट बसतो, चुणी पडत नाही, आणि डबल टेपने लावला. दहा रुपयांत टूल नवं. खरं तर नव्यापेक्षा बरं, कारण मूळ थर जरा जास्तच खरबरीत होता.

आता खिळे. इथे माझं नुकसान झालं म्हणून तपशीलात लिहिते.

टिप चमकायला लागली की चॉक धरत नाही. चॉक म्हणतो आपण पण आजकालच्या चॉकमध्ये शाळेच्या खडूसारखं काही नसतं, सिलिका आणि अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडसारखी घासणारी बारीक पूड असते, विल्यम स्पिंक्स नावाचा बिलियर्ड्स खेळाडू आणि विल्यम हॉस्किन्स नावाचा केमिस्ट, या दोघांनी १८९७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. ती पूड टिपच्या खरखरीत केसाळ पृष्ठभागात अडकून बसते, आणि टिप बॉलला चिकटून असते तो सेकंदाचा हजारावा भाग तेवढा वेळ घसरू देत नाही. पृष्ठभाग मार खाऊन खाऊन गुळगुळीत झाला की पूड अडकायला जागाच नाही, वरवर निळं दिसतं आणि पहिल्या शॉटला उडून जातं. म्हणून मधून मधून तो पृष्ठभाग थोडा उचलावा लागतो, आणि खिळे त्यासाठी दिलेत.

माझी तेव्हाची टिप लेयरवाली होती, म्हणजे डुकराच्या कातड्याचे पातळ पातळ थर एकावर एक चिकटवून केलेली, कामुईसारख्या जपानी टिप्स अशाच असतात, माझी दुसऱ्या कुठल्या तरी ब्रँडची होती, पार्लरमधल्या एकाने विकली होती, अकराशेला. मी लिस्टिंगमधला व्हिडिओ बघून खिळे टिपवर दाबले आणि चारी बाजूंनी ओढले, म्हणजे खरवडलं. टिप छान केसाळ दिसायला लागली, चॉक मस्त बसला, मी खूश. असं तीन आठवडे दर दोन दिवसांनी केलं. मग एक दिवस ब्रेक, म्हणजे डावाचा पहिला बॉल फोडायचा शॉट, मारला आणि आवाज पोकळ आला, लाकडावर ठोकल्यासारखा. बघितलं तर टिपच्या कडेला केसासारखी रेघ, नख लावलं तर वरचा थर पुस्तकाच्या पानासारखा उचलला गेला. खिळ्यांनी वरचा थर आरपार फाटला होता आणि खालचं चिकटवलेलं मोकळं झालं होतं. अकराशे रुपये गेले. टूल विकणाऱ्याला मी फोटोसकट रिव्ह्यू टाकला, उत्तर आलं नाही, पण मला त्याच्याहून जास्त वाईट याचं वाटलं की टूलबरोबर एक ओळसुद्धा लिहिलेली नाही की कुठल्या टिपवर काय वापरायचं. नवीन खेळणारी मुलं पहिली चांगली टिप अशीच फाडणार.

एकाच कातड्याच्या टिपवर, म्हणजे एल्क मास्टर वगैरे ज्या दाबून केलेल्या असतात त्यांच्यावर, खिळे चालतात, पण ओढायचे नाहीत. फक्त उभे दाबायचे, उचलायचे, थोडं फिरवून परत दाबायचे, शिक्का मारल्यासारखं. पाच-सहा वेळा बस. लेयरवाल्या टिपला मी आता ३२० नंबरचा पॉलिश पेपर घेते, बोटाच्या पेरावर गुंडाळते आणि नुसतं दोनदा पुसल्यासारखं करते, तेवढ्याने चमक जाते आणि शेप पण हलत नाही.

खाच, म्हणजे कड घोटायची जागा, तिच्याबद्दल लिहायच्या आधी ठाणे स्टेशनबाहेर बसणाऱ्या चर्मकार दादांचं सांगायला पाहिजे कारण टिपबद्दल मला सगळ्यात मोठी गोष्ट त्यांनी शिकवली. डिसेंबरात माझ्या चपलेचा अंगठा तुटला म्हणून थांबले होते, खांद्यावर क्यूची केस. त्यांनी विचारलं बंदूक आहे का ताई. मी उघडून दाखवलं. त्यांनी टिपवर अंगठा फिरवला आणि लगेच म्हणाले, "हे तर कातडंच आहे, मग त्याला कड का नाही मारली?" तेव्हा मी एल्क मास्टर लावली होती, मऊ टिप, आणि मऊ टिप मार खाऊन कडेने फुगतेच, ते तिच्या जातीतच आहे. मी सांगितलं की पॉलिश पेपरने घासते पण कड केसाळ राहते आणि आठवड्यात परत फुगते. त्यांनी टिप खाली करून लाकडाच्या ठोकळ्यावर टेकवली, फेरूलला बोटाने आडोसा केला, आणि रापीने वरून खाली, फेरूलच्या दिशेकडून ठोकळ्याकडे, अशी बारीक साल काढली, क्यू थोडा फिरवला, परत साल, लिंबाची साल काढावी तशी. एक कणसुद्धा फेरूलला लागला नाही. मग बोट पाण्यात बुडवून फक्त कडेला ओलावा दिला, आणि गुळगुळीत लाकडी पट्टीने जोरात घासायला लागले, आधी हळू, मग भरभर, कातडं गरम होईपर्यंत. हात काढला तेव्हा कड काळपट, चकचकीत आणि टणक झाली होती, बुटाच्या सोलची कड असते ना तशी. म्हणाले, कातडं कापलं की त्याचं तोंड उघडं राहतं, ते पाण्याने आणि गरमीने बंद करायचं असतं, घोटल्याशिवाय सोडायचं नाही. वीस रुपये घेतले, चपलेसकट.

त्या दिवसापासून माझा टिपकडे बघायचा दृष्टिकोनच बदलला. आपण तिला पार्ट समजतो, मोबाइलच्या काचेसारखा, खराब झाला की बदला. ती कातडं आहे. फ्रान्सच्या मिंगो नावाच्या कॅप्टनने दोनशे वर्षांपूर्वी क्यूला चामड्याची टिप लावली असं सांगतात, त्याच्या आधी नुसतं लाकूड असायचं आणि स्पिन फारसा देताच यायचा नाही, आणि इतक्या वर्षांत सगळं बदललं, फेरूल हस्तिदंताचं होतं ते प्लास्टिक-फायबरचं झालं, शाफ्ट, म्हणजे क्यूचे पुढचे दांडे, कार्बनचे आले, पण खेळायच्या क्यूच्या टोकाला अजून कातडंच आहे. कातडं पाणी ओढतं, सुकतं, दबतं, फुगतं. त्याला जे चप्पल शिवणारा माणूस ओळखतो ते या टूल बनवणाऱ्याला माहीत नाही, एवढंच माझं म्हणणं.

तर खाच. दादांच्या पद्धतीने कड ओली करून, मग टूलची खाच लावून क्यू गरागरा फिरवला तर घोटाई होते, कोरड्यावर होत नाही. ओलं म्हणजे फक्त ओलसर, आणि वरच्या बाजूला पाणी जाऊ द्यायचं नाही, नाहीतर टिप मऊ पडते. पण माझ्या टूलची खाच स्नूकरच्या टिपसाठी काढलीय असं वाटतं, नऊ-दहा मिमीला बरोबर बसते, पूलच्या १३ मिमीला फक्त दोन कडांना घासते. त्यामुळे मी जुन्या जीन्सची बोटभर पट्टी कापून ठेवलीय, ती कडेला गुंडाळून घट्ट धरते आणि क्यू फिरवते, काम त्याने जास्त चांगलं होतं. फेरूलवर आधी मास्किंग टेपचा एक वेढा घ्या, पॉलिश पेपर फेरूलला लागला की ते बारीक होत जातं आणि मग कुठलीच टिप त्याच्यावर बरोबर बसत नाही. आमच्या पार्लरच्या दोन हाउस क्यूंचे फेरूल असेच घासून शाफ्टपेक्षा बारीक झालेत, बघवत नाहीत.

टिप बदलायची वेळ कधी आली हे टूलवरून कळत नाही पण कडेवरून कळतं. घुमट संपतो आणि सरळ भिंत सुरू होते, ती भिंत एका नाण्याच्या जाडीपेक्षा कमी उरली की बदला. त्यापुढे खेळलात तर मार फेरूलला बसतो, आणि फेरूल चिरलं तर त्याचा खर्च वेगळा. मी फाटलेली लेयरवाली टिप स्वतः बदलायला गेले आणि तिथे पण शिकले, कोपऱ्यावरच्या दुकानातून पाण्यासारखा पातळ इन्स्टंट ग्लू आणला, दोन थेंब टाकले, आणि तो नव्या टिपच्या कातड्यात वर चढला. सुकल्यावर टिप खालून अर्धी दगड झाली, बॉलला लागली की हाताला झिणझिण्या. जेलवाला घट्ट ग्लू घ्या, तो चढत नाही. काकांनी मग समोर बसवून करून दाखवलं. जुनी टिप कापून फेरूलचं डोकं साफ केलं, अगदी सपाट, कारण जरा उंचसखल राहिलं तर टिप एका बाजूने सुटते. नव्या टिपचा तळ काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्याच्यावर गोल गोल घासला, तळावरची गुळगुळीत लकाकी जाईपर्यंत. जेल लावलं, टिप मध्यावर ठेवली, जरा फिरवून बसवली, क्यू उलटा करून जमिनीवर दाबून ठेवला, आणि म्हणाले आज हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी ठोकळ्यावर कड कापली, घोटली, वाटीत शेप दिला. टिप बदलायचे ते १५० घेतात, टिप आपली. मला विचाराल तर पहिल्यांदा अशाच माणसाकडे जा आणि शेजारी उभं राहून बघा.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं कारण हे कुठल्याच परदेशी व्हिडिओत नाही. जून लागला की आमच्या बेसमेंटमध्ये भिंतींना ओल येते, कापड जड होतं, आणि टिप्स मऊ पडतात. माझी एल्क मास्टर मे महिन्यात पंधरा दिवस शेप धरायची, जूनच्या शेवटी चार दिवसांत चपटी. आधी मी रोज वाटी मारायला लागले, आणि टिप डोळ्यांदेखत कमी व्हायला लागली. मग बंद केलं. आता लोकलमधून भिजून आले तर केस उघडून क्यू पंख्याखाली अर्धा तास ठेवते, टिप कोरडी झाल्याशिवाय तिला पॉलिश पेपर लावत नाही, ओल्या कातड्यावर घासलं की ते कापलं जात नाही, ओरबाडलं जातं. केसमध्ये बुटांच्या बॉक्समधल्या सिलिका जेलच्या पुड्या टाकल्यात. पावसाळ्यापुरती मी मिडियम टिप लावलीय, जरा टणक, फुगत कमी. टणक टिपला चमक लवकर येते आणि चॉक जास्त वेळा लागतो, पण त्याला ३२० चा पेपर आहे. आणि उन्हाळ्यात क्यू गाडीत ठेवू नका, एकाची टिप डिकीतल्या गरमीने सुटून केसच्या तळाशी पडली होती.

चॉक लावायचं पण थोडक्यात सांगते कारण त्याने अर्धं काम वाचतं. टिपवर चॉक ठेवून घुसळायचा नाही, चॉकला मधोमध जी विहीर पडते ती अशा घुसळण्यानेच पडते, आणि त्या विहिरीची कड फेरूल निळं करते. लिपस्टिक लावतो तसा कडेपासून मध्याकडे हलक्या हाताने फिरवायचा आणि टिपकडे बघत लावायचा, समोरच्या टेबलकडे बघत नाही.

पाचपैकी साडेतीन देते. वाटीला पूर्ण मार्क, कारण आकडा खरा निघाला, रुपयाच्या नाण्याला आठ महिन्यांनी पण जुळतो, आणि आमच्या पार्लरच्या १४ हाउस क्यूंनी लोक आता खरंच साइड स्पिन मारतात, आधी त्या क्यूंनी सरळ मारणं पण नशिबावर होतं. मागच्या आठवड्यात कॉलेजची दोन मुलं काकांना विचारत होती की नवीन क्यू आणले का. काका काही बोलले नाहीत, माझ्याकडे बघून नुसते हसले, मला त्या दिवशी तीन फ्रेम हरल्याचं पण काही वाटलं नाही. अर्धा मार्क पॉलिश पेपर लवकर बोथट होतो म्हणून कापला, आणि एक पूर्ण मार्क खिळ्यांसाठी, बरोबर एक साधी सूचना नसल्यासाठी.

घेणार असाल तर वाटीवरचा आकडा बघून घ्या, आकडाच नसेल तर घेऊ नका. पूल खेळत असाल तर ०.४१८, स्नूकरच्या बारीक टिपला ०.३५३. नुसता शेपर मिळाला तर तोच बघा, बाकीची दोन कामं पॉलिश पेपर आणि जीन्सची पट्टी करतात. मी स्वतःसाठी तसाच मागवलाय, शुक्रवारी येईल. हे जुनं टूल काकांच्या ड्रॉवरमध्ये ठेवून आलेय हाउस क्यूंसाठी, खिळ्यांच्या टोकावर चिकटपट्टीचे चार वेढे मारून.